बॅबेजचे यंत्र आणि मजुरीचा हिशेब

संगणकाचा इतिहास सांगणाऱ्या पुस्तकांत चार्ल्स बॅबेजचे नाव पहिल्या दोन-चार पानांतच येते. एकोणिसाव्या शतकात ज्याने संगणकाची कल्पना केली, पण ज्याला आपले एकही मोठे यंत्र पुरे करता आले नाही असा एक विक्षिप्त इंग्रज गणिती, एवढीच त्याची ओळख तेथे करून दिलेली असते. अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत तर तेवढीही जागा त्याच्या वाट्याला येत नाही. वस्तुतः बॅबेजचे यंत्र आणि बॅबेजचे अर्थशास्त्र ही दोन्ही एकाच विचारातून वाढली. बौद्धिक श्रमालाही बाजारभाव असतो, त्या श्रमाचेही तुकडे पाडता येतात आणि त्यांतील सर्वांत स्वस्त तुकडा यंत्राच्या स्वाधीन करता येतो, हा तो विचार होय. कचेऱ्यांतील आणि शाळा-महाविद्यालयांतील कामे यंत्राकडे जाऊ लागली असताना हा विचार मुळापासून तपासून पाहणे अगत्याचे आहे.

बॅबेजचा जन्म २६ डिसेंबर १७९१ रोजी लंडनमध्ये झाला. वडील सधन पेढीवाले होते. त्यामुळे पोटापाण्याची चिंता त्याला कधी पडली नाही. १८१० साली तो केंब्रिजला गेला, तेव्हा गणितात तो आपल्या अध्यापकांच्याही पुढे होता. न्यूटनच्या अभिमानापोटी इंग्लंडने कलनशास्त्रातील जुनी चिन्हपद्धती कवटाळून ठेवली होती आणि युरोप लायब्निट्झच्या पद्धतीने कितीतरी पुढे निघून गेला होता. जॉन हर्शेल आणि जॉर्ज पीकॉक या मित्रांच्या साहाय्याने बॅबेजने १८१२ मध्ये एक मंडळ स्थापन करून ही कोंडी फोडण्याचा उद्योग आरंभला. १८१६ साली, वयाच्या चोविसाव्या वर्षी, तो रॉयल सोसायटीचा सदस्य झाला. परदेशांत काय चालले आहे याकडे डोळे उघडे ठेवून पाहण्याची त्याची सवय या काळापासूनची आहे.

कोष्टकांचा कारखाना

त्या काळी नौकानयन, खगोलशास्त्र, विमा, सावकारी हे सारे व्यवहार छापील कोष्टकांवर चालत. ही कोष्टके माणसे हाताने तयार करीत. ‘कॉम्प्युटर’ हा शब्दच मुळी अशा आकडेमोड करणाऱ्या माणसाला लावला जाई. आकडेमोडीत चुका होत, नक्कल करताना होत, खिळे जुळवताना होत. १८२१ मध्ये हर्शेलबरोबर खगोलीय कोष्टके तपासत असताना चुकांच्या राशी पाहून बॅबेज वैतागला आणि हे काम वाफेच्या शक्तीने करता आले तर काय बहार होईल, असा विचार त्याच्या मनात आला. पुढच्याच वर्षी त्याने यंत्राची एक लहान प्रतिकृती तयार केली.

या यंत्रामागील गणित शाळकरी मुलालाही कळण्यासारखे आहे. १, ४, ९, १६, २५ या वर्गसंख्या घ्या. त्यांतील फरक ३, ५, ७, ९ असे येतात आणि या फरकांतील फरक नेहमी २ असतो. म्हणजे वर्गांचे कोष्टक करण्यासाठी गुणाकार करण्याची गरजच नाही. केवळ बेरजा करीत गेले तरी पुरते. बेरीज हे दातेरी चाकांना जमणारे काम आहे. म्हणून या यंत्राचे नाव ‘डिफरन्स एंजिन’ असे पडले.

परंतु खरी प्रेरणा गणितापेक्षा अर्थव्यवहारातली होती. राज्यक्रांतीनंतरच्या फ्रान्समध्ये द प्रोनी नावाच्या अभियंत्यावर लॉगॅरिथमची विशाल कोष्टके तयार करण्याची कामगिरी सोपवली गेली होती. अ‍ॅडम स्मिथच्या ग्रंथातील टाचण्यांच्या कारखान्याचे वर्णन वाचून त्याला युक्ती सुचली. त्याने माणसांचे तीन गट केले. पहिल्या गटातील पाच-सहा थोर गणिती केवळ सूत्रे निवडत. दुसऱ्या गटातील सात-आठ जाणकार त्या सूत्रांत आकडे घालून देत. तिसऱ्या गटात साठ ते ऐंशी माणसे होती आणि त्यांतील बहुतेकांना बेरीज-वजाबाकीपलीकडे काही येत नव्हते. पण सतरा मोठ्या खंडांची प्रत्यक्ष आकडेमोड त्यांनीच केली. बॅबेजने या व्यवस्थेचे मर्म ओळखले. ज्या कामाला विचार लागत नाही ते काम चाकांनाही करता येईल. त्याचे यंत्र म्हणजे द प्रोनीचा तिसरा गट पितळेत उतरवण्याचा प्रयत्न होता.

सरकारने १८२३ मध्ये या कामासाठी पंधराशे पौंड मंजूर केले. जोसेफ क्लेमेंट या कसबी कारागिराच्या कारखान्यात काम सुरू झाले. १८२७ हे वर्ष मात्र बॅबेजच्या आयुष्यात काळवर्ष ठरले. त्या एका वर्षात त्याचे वडील, पत्नी आणि दोन मुले मृत्यू पावली. खचलेला बॅबेज युरोपच्या प्रवासाला निघाला. या प्रवासात आणि नंतर इंग्लंडमध्ये त्याने असंख्य कारखाने, गिरण्या आणि छापखाने पालथे घातले. आपले यंत्र घडवण्यासाठी कोणकोणत्या युक्त्या वापरता येतील हे पाहणे हा मूळ हेतू. पण त्यातून १८३२ साली यंत्रे आणि कारखानदारी यांच्या अर्थशास्त्रावरील त्याचा ग्रंथ जन्मास आला.

टाचणीचे गणित

श्रमविभागणीने उत्पादन का वाढते, याची तीन कारणे अ‍ॅडम स्मिथने १७७६ मध्ये दिली होती : हात सरावतो, एका कामाकडून दुसऱ्याकडे वळण्यात जाणारा वेळ वाचतो आणि नवी यंत्रे सुचतात. बॅबेजने चौथे कारण सांगितले आणि ते या तिन्हींहून भेदक आहे. काम विभागले की मालकाला प्रत्येक टप्प्यासाठी नेमके जेवढे कौशल्य लागते तेवढेच विकत घेता येते. टाचणीच्या कारखान्यात दिवसाला साडेचार पेन्स मिळवणारा मुलगा होता, तसाच सहा शिलिंग मिळवणारा कारागीरही होता. एकट्या माणसाने अख्खी टाचणी करायची तर तो सर्वांत अवघड काम येणारा हवा. मग साडेचार पेन्सांच्या कामालाही सहा शिलिंगांचा भाव द्यावा लागणार. अशा रीतीने केलेली टाचणी पावणेचार पटींनी महाग पडेल, असा हिशेब त्याने मांडून दाखवला. जॉन स्टुअर्ट मिल आणि कार्ल मार्क्स या दोघांनीही पुढे आपल्या ग्रंथांत बॅबेजचा आधार घेतला. एकाने त्यात काटकसर पाहिली, दुसऱ्याने कामगाराचे अवमूल्यन. तत्त्व एकच होते आणि दोघांचेही म्हणणे खरे होते.

त्याच्या कुतूहलाला कोणताही विषय वर्ज्य नव्हता. लंडनच्या बँकांचे कारकून क्लिअरिंग हाऊसमध्ये एकत्र जमून, प्रत्यक्ष नाणी न हलवता, परस्परांचे धनादेश कसे वटवतात याचे वर्णन त्याने या ग्रंथात केले. खुद्द त्या पुस्तकाला कागद, छपाई आणि बांधणी मिळून किती खर्च आला व विक्रेत्यांची दलाली किती, हेही त्याने छापून टाकले. साहजिकच पुस्तकविक्रेते खवळले. विमा कंपन्यांची तुलना करणारे पुस्तक त्याने १८२६ मध्येच लिहिले होते. कोणत्या रंगाच्या कागदावरील आकडे डोळ्यांना कमी शिणवतात, याचेही प्रयोग त्याने केले. १८३४ मध्ये लंडनची संख्याशास्त्रीय संस्था स्थापन झाली, तिच्या संस्थापकांत माल्थसच्या जोडीने बॅबेजही होता. पार्लमेंटची निवडणूक त्याने दोनदा लढवली आणि दोनदा हरला.

त्याच्या या ग्रंथात भारतही येतो, आणि तेथे मराठी वाचकाने क्षणभर थांबावयास हवे. भारताचा कापूस अर्धी पृथ्वी ओलांडून लँकेशायरला जातो, तेथे विणला जातो आणि ज्या मातीत पिकला तिथल्याच लोकांना त्यांच्या हातमागावरच्या कापडापेक्षा स्वस्त दराने विकला जातो, याचे बॅबेजला कौतुक वाटते. कालिकतमधील मजुरी इंग्लंडच्या एक-सप्तमांश असूनही तेथील बाजार विलायती मागांच्या कापडाने भरलेला आहे, अशी टीपही तो जोडतो. निरीक्षण अचूक आहे. हिशेब मात्र अपुरा आहे. भारतीय कापडावर इंग्लंडने लादलेली जबर जकात आणि कंपनीच्या राज्यात विलायती मालाला मिळालेली मोकळी वाट या हिशेबात कोठेच दिसत नाही. माग बंद पडलेल्या विणकराचे काय झाले, हा प्रश्नही तेथे विचारलेला नाही. तो प्रश्न पुढे दादाभाई नौरोजी आणि न्यायमूर्ती रानडे यांच्या अर्थविचारात आला.

तथापि बॅबेज निष्ठुर होता असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. यंत्रामुळे हातमागवाल्यांवर ओढवणाऱ्या संकटाची त्याला जाणीव होती. कामगारांना रोख वेतनाऐवजी मालकाच्या दुकानातील माल घ्यायला लावण्याच्या प्रथेवर त्याने टीका केली. कारखान्यातील प्रत्येकाच्या वेतनाचा काही भाग नफ्यावर अवलंबून असावा आणि कामगाराने सुचवलेल्या सुधारणेचा लाभ त्यालाही मिळावा, अशी योजना त्याने १८३२ मध्येच मांडली होती. त्याच्या तत्त्वातली काटकसर कारखानदारांनी तत्काळ उचलली. ही योजना मात्र बहुतेकांनी पुस्तकातच राहू दिली.

स्वतःचा हिशेब

जगाच्या खर्चाचा ताळेबंद मांडणाऱ्या या माणसाचा स्वतःचा ताळेबंद मात्र कधीच जुळला नाही. १८३२ मध्ये यंत्राचा सुमारे दोन हजार भागांचा एक तुकडा तयार झाला आणि तो बिनचूक चालला. संपूर्ण यंत्राला पंचवीस हजार भाग लागणार होते. पुढच्या वर्षी पैशावरून क्लेमेंटशी बिनसले आणि काम थांबले. तोवर बॅबेजच्या डोक्यात अधिक व्यापक यंत्र घोळू लागले होते. सरकारने सुमारे १७ हजार पौंड खर्चले होते. १८४२ मध्ये पंतप्रधान पील यांनी हात आखडता घेतला. सरकारला दोष देणे सोपे आहे. पण अर्धवट यंत्र दाखवून त्याहून चांगल्या यंत्राच्या गोष्टी करणाऱ्याला कोणत्या अर्थमंत्र्याने पैसे दिले असते? दुसऱ्या बाजूने, सारा पैसा वाया गेला असेही नाही. क्लेमेंटच्या कारखान्यात काम केलेल्या जोसेफ व्हिटवर्थने पुढे स्क्रूच्या आट्यांचे प्रमाणीकरण केले आणि इंग्लंडच्या यंत्रउद्योगाला त्याचा मोठा लाभ झाला. संशोधनाचे फळ अनेकदा दुसऱ्याच्या खात्यावर जमा होते. सरकारी लेखापालाला ते दिसत नाही.

१८३४ पासून बॅबेज ज्याच्या मागे लागला ते ‘अ‍ॅनॅलिटिकल एंजिन’ म्हणजे केवळ बेरजांचे यंत्र नव्हते. फ्रान्समधील जॅकार्डच्या मागात भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांनी रेशमाची नक्षी विणली जाई. तसेच पुठ्ठे वापरून यंत्राला कोणत्या क्रिया कोणत्या क्रमाने करावयाच्या हे सांगता येईल, ही बॅबेजची कल्पना. संख्या साठवण्याचे कोठार वेगळे, गणित करणारी गिरणी वेगळी. १८४० साली ट्यूरिन येथे त्याने ही योजना समजावून दिली. तेथील मेनाब्रेआ या अभियंत्याने तिच्यावर फ्रेंचमध्ये लेख लिहिला. हाच मेनाब्रेआ पुढे इटलीचा पंतप्रधान झाला. त्या लेखाचे इंग्रजी भाषांतर १८४३ मध्ये कवी बायरनची मुलगी एडा लव्हलेस हिने केले आणि मूळ लेखाच्या दुपटीहून मोठ्या टिपा जोडल्या. बर्नुली संख्या यंत्राकडून कशा काढून घ्याव्यात याचा तिने दिलेला क्रम हा संगणकाच्या आज्ञावलीचा आद्य नमुना मानला जातो. यंत्र अस्तित्वात नसताना त्याच्यासाठी आज्ञावली लिहिली गेली, हे विलक्षणच म्हणावे लागेल.

उत्तरायुष्यात बॅबेज कडवट होत गेला. रस्त्यावरच्या वाजंत्र्यांशी त्याने मांडलेले भांडण लंडनच्या चेष्टेचा विषय झाले. पण त्याच्या मनाचा मोठेपणाही याच काळात दिसतो. स्वीडनमधील शॉयट्झ पिता-पुत्रांनी त्याच्या कल्पनेवरून १८५३ साली एक लहान यंत्र पुरे केले, तेव्हा हेवा न करता त्याने त्यांचा पुरस्कार केला. त्यांच्या धर्तीचे यंत्र इंग्लंडच्या सरकारी कचेरीने घेतले आणि १८६४ मध्ये आयुर्मानाची कोष्टके करण्यासाठी वापरले. १८ ऑक्टोबर १८७१ रोजी बॅबेज निवर्तला. कंपनीच्या बंगाल सैन्यात नोकरी केलेला त्याचा मुलगा हेन्री याने भारतातून परतल्यावर वडिलांचे कागद १८८९ मध्ये प्रसिद्ध केले. १९९१ साली लंडनच्या विज्ञान संग्रहालयाने बॅबेजच्या दुसऱ्या डिफरन्स एंजिनचा गणना करणारा भाग त्याच्याच आराखड्यांवरून उभा केला आणि तो बिनचूक चालला. आराखड्यात दोष नव्हता, हे त्याच्या मृत्यूनंतर एकशे वीस वर्षांनी सिद्ध झाले.

बॅबेजच्या चरित्राचे तात्पर्य काळाच्या पुढे असलेल्या द्रष्ट्याची शोकांतिका एवढेच काढले, तर त्याच्या ग्रंथाकडे दुर्लक्ष केल्यासारखे होईल. कारकुनाचे काम तुकड्या-तुकड्यांत कसे मोडते, त्यातील कोणता तुकडा यंत्राला देता येतो आणि त्यातून किती पैसे वाचतात, हे त्याने १८३२ मध्ये दाखवून दिले. वाचलेले पैसे कोणाच्या पदरात पडावेत, याचे उत्तर त्याने नफ्यातील वाट्याच्या रूपाने सुचवले, पण आग्रहाने मांडले नाही. यंत्र घडवणाऱ्याला अर्थशास्त्र समजले पाहिजे, हा धडा त्याच्या यशातून मिळतो. विणकराला आणि आकडेमोड करणाऱ्याला त्या हिशेबात स्थान असले पाहिजे, हा धडा त्याने जे सोडून दिले त्यातून मिळतो. शिक्षक आणि कारकून यांची कामे आज द प्रोनीच्या तिसऱ्या गटात ढकलली जात असताना, या दुसऱ्या धड्याचा आग्रह त्यांनीच धरावयास हवा. इतर कोणी तो त्यांच्यासाठी धरील, अशी आशा बॅबेजच्या काळापासूनचा इतिहास देत नाही.