तर्खडचे दादोबा : माणसाची जात एकच म्हणाले, पण बंद दाराआड

गिरीज (ता. वसई) : गिरीजच्या हिरा डोंगरीवर दत्ताचं देऊळ आहे आणि आसपासच्या गावांत चर्चच्या घंटा वाजतात. इथून जवळच तर्खड. मराठी व्याकरणाचे पाणिनी म्हणून ज्यांचं नाव घेतात, त्या दादोबा पांडुरंगांचं तर्खडकर हे आडनाव याच गावावरून आलं. शाळेत व्याकरणकार म्हणून त्यांचं नाव कानावरून जातं आणि तिथंच विषय संपतो. पण दादोबांनी आयुष्यभर धरून ठेवलेला एक प्रश्न वसईकरांच्या जास्त जवळचा आहे. बरं काय, वाईट काय, हे ज्याच्या त्याच्या धर्माने ठरवायचं, की सगळ्या माणसांना एकच माप लावायचं?

दादोबांचा जन्म ९ मे १८१४ चा, मुंबईत. घराणं वाणी समाजातलं, वैष्णव वळणाचं. वडील पांडुरंग, आई यशोदाबाई. भाऊ भास्कर आणि आत्माराम हेही पुढे नावाजले. दादोबा इंग्रजी शाळेत शिकले आणि १८३६ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, मराठीचं व्याकरण छापून मोकळे झाले. आपण जी भाषा रोज बोलतो तिच्या आत नियम लपलेले असतात, ते शोधून काढता येतात, हे त्यांनी तरुणपणीच करून दाखवलं. माणसाच्या वागण्याचेही असेच नियम शोधावेत, हा पुढचा ध्यास तिथूनच आला असावा.

त्या काळी मुंबईत मिशनरी लोकांचा जोर होता. खरा धर्म आमच्याच पुस्तकात, असं ते सांगत. इकडे शास्त्री मंडळींचं म्हणणं वेगळं : ब्राह्मणाचा धर्म वेगळा, कुणब्याचा वेगळा, बाईचा वेगळा, आणि ज्याने त्याने आपापला पाळावा. म्हणजे एका बाजूने सगळ्या जगाला एकच पुस्तक, दुसऱ्या बाजूने जातीगणिक वेगळं माप. दादोबांना दोन्ही पटेना. नोकरीनिमित्त ते जावऱ्याच्या नबाबाकडे शिक्षक होते, नंतर सुरतेच्या इंग्रजी शाळेत गेले. मुसलमान, पारशी, जैन, हिंदू सगळे जवळून पाहिले. भला माणूस एकाच धर्मात जन्मतो असं काही त्यांना दिसलं नसणार.

सुरतेत २२ जून १८४४ ला दुर्गाराम मेहताजींबरोबर त्यांनी मानवधर्म सभा काढली. नावातच सगळं आलं. भूत उतरवणारे आणि मंत्र मारणारे यांना ही मंडळी चारचौघांत उघड आव्हान द्यायची, की करून दाखवा. तिकडेच दादोबांनी धर्मविवेचन लिहिलं, पण ते छापून यायला १८६८ साल उजाडलं. त्यातलं सार असं : देव एक. खरा धर्म प्रेमात आणि नीतीत. माणसाची जात एकच. प्रत्येकाला विचाराचं स्वातंत्र्य हवं, वागणं विवेकाला धरून हवं आणि ज्ञान सगळ्यांना मिळायला हवं. आज हे कुणीही भाषणात बोलून जातो. तेव्हा हे मान्य करणं म्हणजे पोरीचं लग्न मोडण्याची, पंगतीतून उठवलं जाण्याची तयारी ठेवणं होतं.

म्हणून तर पुढची गोष्ट घडली. १८४९ च्या सुमारास मुंबईत परमहंस मंडळी उभी राहिली. रामा बाळकृष्ण जयकर अध्यक्ष, प्रार्थना दादोबांनी रचलेल्या. आत येणाऱ्या नव्या सभासदाला ख्रिश्चनाने भाजलेला पाव खावा लागे आणि मुसलमानाच्या हातचं पाणी प्यावं लागे. वसईच्या माणसाला पावाचा अर्थ वेगळा सांगायला नको. परक्याच्या हातचा घास पोटात गेला की धर्म गेला, या समजुतीवर इथे पिढ्याच्या पिढ्या फुटल्या. तोच पाव दादोबांच्या मंडळींनी एकीची खूण केला.

पण सगळं गुपचूप. पुरेशी माणसं जमली की मग जाहीर करू, असं ठरलेलं. जातीबाहेर टाकण्याची भीती होती आणि ती खोटी नव्हती. घरी म्हातारे आईबाप, भावंडं, नातीगोती. तरी प्रश्न उरतोच. जे सगळ्या माणसांसाठी खरं आहे ते चार भिंतींच्या आत बोलायचं, मग ते सगळ्यांचं कसं व्हायचं? १८६० च्या सुमाराला मंडळींची वही चोरीला गेली, सभासदांची नावं फुटली आणि मंडळी पांगली. रामकृष्ण भांडारकरांसारखा तरुणही तिथे येत असे. पुढे १८६७ साली धाकटे भाऊ डॉ. आत्माराम यांच्या पुढाकाराने प्रार्थना समाज निघाला, तो मात्र उघड्या दाराने.

दादोबांच्या आयुष्यात आणखी एक गाठ आहे. अहमदनगरला डेप्युटी कलेक्टर असताना त्यांनी भिल्लांचं बंड मोडलं आणि सरकारने रावबहादूर केलं. माणसाची जात एक म्हणणाऱ्याने भिल्लाच्या बाजूने बंडाकडे कधी पाहिलं का, हे विचारायला हवं. माप सगळ्यांना सारखं, हे लिहिणं सोपं जातं. सरकारी खुर्चीत बसून लावणं अवघड.

आणि एवढं सगळं करून घरचे संस्कार सुटले का? नाही सुटले. १८६५ साली त्यांनी मोरोपंतांच्या केकावलीवर मोठी टीका लिहिली. केकावली म्हणजे देवाला घातलेली साद. त्या टीकेला नाव दिलं यशोदा पांडुरंगी, आईबापाचं. जातिभेदाला नाही म्हणणारा हा माणूस भक्तीला कधीच नाही म्हणाला नाही. म्हातारपणी तर स्वीडनच्या स्वेडनबॉर्ग या ख्रिस्ती विचारवंताचे ग्रंथ वाचून त्यावर १८७८ साली इंग्रजीत पुस्तक लिहिलं. काहींना वाटलं आता हे बाटणार. ते बाटले नाहीत. दुसऱ्याच्या धर्मात खरं सापडलं तर ते घ्यायचं आणि आपलं घर सोडायचं नाही, असा त्यांचा हिशेब. विवेक सांगेल तसं वागा म्हणणाऱ्याचा विवेकसुद्धा आईच्या मांडीवर घडलेला असतो, हे केकावलीवरच्या टीकेच्या नावातच दिसतं.

धर्मावरच्या लिखाणावर त्यांनी आपलं नाव घातलं नाही. तिथे टोपणनाव होतं, एक जगद्वासी आर्य, म्हणजे जगात राहणारा एक माणूस. १७ ऑक्टोबर १८८२ ला दादोबा वारले. त्यांचं अपुरं आत्मचरित्र अ. का. प्रियोळकरांनी १९४७ साली छापून आणलं, तोवर त्यांना जाऊन पासष्ट वर्षं झाली होती.