फादर स्टीफन्स आणि नीतीची कसोटी

गाणगापूरच्या यात्रेस जाणाऱ्या आमच्या किनारपट्टीवरील भाविकांस कडगंची हे नाव नवे नाही. कलबुर्गी जिल्ह्याच्या आळंद तालुक्यातील हे गाव. २००९ साली स्थापन झालेल्या कर्नाटक केंद्रीय विद्यापीठाचे आवार आज तेथे उभे असले, तरी मराठी मनाला या गावाची ओळख आहे ती श्रीगुरुचरित्राचे कर्ते सरस्वती गंगाधर यांच्यामुळे. सायंदेवाच्या वंशातील या कवीचे घर कानडी मुलखातले. मराठी आपणांस अवगत नाही, असे त्यांनी ग्रंथारंभीच विनयाने सांगून टाकले आहे. तरीही ग्रंथ रचला तो मराठीत, आणि तोही ओवीत. ज्याचा आपण सप्ताह करतो त्या या ग्रंथात केवळ चमत्कार नाहीत. अठ्ठाविसाव्या अध्यायात कोणत्या पापाचे कोणते फळ व कोणते प्रायश्चित्त, याचा तपशीलवार विचार आहे. छत्तिसाव्या अध्यायात आचारधर्माचे विवेचन आहे. पाप कशास म्हणावे, त्याचे परिमार्जन कसे व्हावे, माणसाने वागावे कसे, हे प्रश्न पंडितांच्या संस्कृतातून उचलून सामान्य माणसाच्या ओसरीवर आणून ठेवण्याचे काम कडगंचीच्या या कवीने केले.

हेच प्रश्न निराळ्या धर्माच्या पाठशाळेत शिकून आलेला, आणि कडगंचीहून कितीतरी दूरच्या देशातून आलेला एक परका माणूस पुढे त्याच ओवीकडे वळला. साष्टी महालात चाळीस वर्षांच्या आसपास राहिलेला तो इंग्रज पाद्री म्हणजे फादर थॉमस स्टीफन्स. क्रिस्तपुराणाचा कर्ता म्हणून मराठी वाङ्मयाच्या इतिहासात त्याचे नाव आदराने घेतले जाते आणि ते योग्यच आहे. परंतु कवी म्हणून त्याचा गौरव करताना, नीतिशास्त्राचा विद्यार्थी म्हणून त्याच्या आयुष्याकडे पाहण्याचे आपण टाळतो. आज आम्ही तेच करू इच्छितो.

स्टीफन्सचा जन्म १५४९ च्या सुमारास इंग्लंडच्या विल्टशर परगण्यातला. वडील लंडनमधील व्यापारी. त्याच्या तारुण्यात इंग्लंडमध्ये रोमच्या चर्चला मानणारांचे दिवस वाईट होते. १५५९ च्या कायद्याने राणी एलिझाबेथच्या सरकारने सर्वांस एकच उपासनापद्धती बंधनकारक केली होती व राजमान्य चर्चमध्ये न जाणारास दंड ठेवला होता. १५७० मध्ये पोपने राणीला बहिष्कृत केल्यावर तर कॅथलिक असणे म्हणजे राजद्रोहाच्या संशयास पात्र होणे, अशी अवस्था झाली. थॉमस पाउंड नावाच्या एका धनिक स्नेह्याबरोबर स्टीफन्स सेवकाच्या वेषात हिंडत असे. दोघांनी मिळून रोमला जावयाचे आणि जेझुइट संघात प्रवेश करावयाचा, असा बेत होता. ऐनवेळी पाउंड पकडला गेला आणि त्याच्या आयुष्याची सुमारे तीस वर्षे तुरुंगांत गेली. स्टीफन्स एकटाच रोमला पोचला व १५७५ साली संघात दाखल झाला. सत्ता धर्माच्या नावाने माणसाच्या मनावर हात टाकते तेव्हा काय होते, हे त्याला पुस्तकातून शिकावे लागले नव्हते.

रोममध्ये त्याने तत्त्वज्ञानाचा अभ्यास केला. पुरोहितदीक्षा पुढे गोव्यात झाली. या शिक्षणाचे स्वरूप आमच्या वाचकांस थोडे समजावून सांगणे अवश्य आहे. ट्रेंट येथील धर्मपरिषदेने १५६३ साली प्रत्येक धर्मप्रांतात पुरोहित घडविणारी सेमिनरी असावी, असा निर्णय केला होता. अशिक्षित पुरोहित हा लोकांचा मार्गदर्शक होऊ शकत नाही, ही त्यामागची जाणीव. पुरोहितापुढे माणसे येऊन गुडघे टेकतात आणि आपली पापे सांगतात. यालाच आमचे ख्रिस्ती बांधव कुमसार म्हणतात. १२१५ च्या लॅटरन परिषदेपासून वर्षातून निदान एकदा कुमसार करणे प्रत्येक श्रद्धावंतास आवश्यक ठरले. ऐकणाऱ्याने ऐकलेले प्राणान्तीही कोणास सांगावयाचे नाही, आणि तरीही प्रत्येक प्रकरणाचा न्याय करावयाचा. हे काम नीतिशास्त्रावाचून कसे व्हावे? म्हणून जेझुइट विद्यालयांत सदसद्विवेकाच्या प्रकरणांचा स्वतंत्र पाठ असे. उपासमारीने पोळी चोरणारा आणि धान्य दडवून भाव वाढविणारा यांत दोष कोणाचा अधिक? भीतीपोटी दिलेले वचन बांधते काय? दुसऱ्याचे हिरावून घेतलेले परत न करता नुसत्या पश्चात्तापाने माणूस मोकळा होतो काय? अशा एकेका प्रश्नाचा विद्यार्थी कीस काढीत.

या विद्येचा पाया तेराव्या शतकातील संत थॉमस अक्विनास याच्या ग्रंथावर घातलेला होता. कोणत्याही कृत्याचा विचार तीन अंगांनी करावा, हे त्याचे सूत्र: कृत्य कोणते, हेतू कोणता, परिस्थिती कोणती. हेतू चांगला असला म्हणून वाईट कृत्य चांगले होत नाही. गंभीर पाप ठरण्यास विषय गंभीर हवा, कर्त्यास त्याचे पूर्ण ज्ञान हवे आणि त्याची मनापासून संमती हवी. जेथे संमती नाही तेथे पापही पुरे नाही आणि पुण्यही पुरे नाही. म्हणूनच, ज्यांनी ख्रिस्ती धर्म कधी स्वीकारलेलाच नाही त्यांच्यावर तो स्वीकारण्याची सक्ती करू नये, कारण श्रद्धा ही इच्छेची बाब आहे, असे अक्विनासने स्पष्ट लिहून ठेवले आहे. आमच्या पूर्वजांच्या बाबतीत जे घडले त्याविरुद्धचा सर्वांत भक्कम पुरावा गोव्यातील सेमिनरींच्या कपाटातच होता.

१५७९ च्या एप्रिलमध्ये लिस्बनहून निघालेला स्टीफन्स त्याच वर्षी २४ ऑक्टोबरला गोव्यात उतरला. लवकरच त्याची रवानगी साष्टीत झाली. तेथे त्याने जे पाहिले असेल त्याची कल्पना आमच्या वाचकांस करून देण्याची गरज नाही. १५५९ च्या फर्मानाने पोरक्या हिंदू मुलांस ख्रिस्ती शिक्षणासाठी पाद्र्यांच्या स्वाधीन करण्याची तरतूद झाली होती. १५६० पासून इन्क्विझिशन सुरू होते. १५६७ साली साष्टीतील देवळे मोठ्या संख्येने जमीनदोस्त झाली. मंगेशी, म्हाळसा, शांतादुर्गा यांना आपापली मूळ स्थाने सोडून अंत्रूज महालात आश्रय घ्यावा लागला, तो याच काळात. गंमत अशी, की १५६७ मध्येच भरलेल्या गोव्यातील पहिल्या प्रांतिक धर्मपरिषदेने कोणासही बळाने बाप्तिस्मा देऊ नये असे तत्त्वतः मान्य केले, आणि त्याच बैठकीत हिंदूंच्या पूजाविधींवर बंदी घालावी, अशी राजाकडे मागणीही केली. तत्त्व ग्रंथात शिल्लक राहिले; दडपण व्यवहारात आले. १५५९ साली इंग्लंडमध्ये जे स्टीफन्सच्या धर्मबंधूंच्या वाट्यास आले होते, त्याचीच ही दुसरी आवृत्ती होती. फक्त दंडा धरणारा हात आता त्याच्याच पक्षाचा होता.

२५ जुलै १५८३ रोजी कुंकळ्ळीस याचा स्फोट झाला. पोर्तुगीज मोहिमेत तेथील देवळे पाडली गेली होती आणि मोहिमेच्या बरोबरीने पाद्रीही वावरले होते. संतप्त गावकऱ्यांनी रुदोल्फ आक्वाव्हिवासह पाच जेझुइटांस ठार केले; त्यांच्याबरोबरचे आणखीही काही लोक मारले गेले. हा आक्वाव्हिवा काही महिन्यांपूर्वीच अकबराच्या दरबारातून परतला होता. ती पाच प्रेते मिळविण्याचे दुःखद काम स्टीफन्सच्या वाट्यास आले. पॅरिसमध्ये ईश्वरविद्येचा पंडित असलेल्या आपल्या रिचर्ड या भावास त्याने त्याच वर्षी ऑक्टोबरात लिहिलेल्या पत्रात या घटनेची हकीकत आहे. येथील भाषांची रचना ग्रीक व लॅटिन यांच्या रचनेशी मिळतीजुळती आहे, हे विल्यम जोन्सच्या दोनशे वर्षे आधीचे निरीक्षणही त्याच पत्रातले. पुढे कुंकळ्ळीच्या प्रमुख गावकरांस बोलणी करण्यासाठी म्हणून असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून चौकशीवाचून मारण्यात आले. दिलेले वचन बांधते काय, या प्रश्नाचे उत्तर सत्तेने अशा रीतीने दिले. कुंकळ्ळीची शांतादुर्गा फातर्प्यास गेली. आजही शिगम्याच्या दिवसांत ती बारा छत्र्यांच्या मिरवणुकीने आपल्या मूळ गावी येते आणि त्या उत्सवात हिंदूंबरोबर ख्रिस्ती गावकरही सामील होतात. लोकांनी ही जखम सत्तेपेक्षा अधिक शहाणपणाने भरून काढली, असे म्हटले पाहिजे.

त्यानंतरची तीन दशके स्टीफन्स साष्टीतच होता. तेथील विद्यालयाचा तो प्रमुखही झाला. कोकणी आणि मराठी या दोन्ही भाषा त्याने अशा आत्मसात केल्या, की परकेपणाची खूण उरू नये. जुनी पुराणे हिरावली गेलेल्या नवख्रिस्ती समाजात एक मोठी पोकळी निर्माण झाली होती. प्रार्थना व धर्माज्ञा पाठ करण्यापलीकडे ऐकण्यासारखे काही हवे, आमच्या पूर्वीच्या पुराणांसारखे काही हवे, अशी एका ब्राह्मणाने विनंती केल्याचा प्रसंग क्रिस्तपुराणातच आला आहे. ही विनंती ऐकून घेणे, हे आमच्या मते स्टीफन्सच्या आयुष्यातील सर्वांत मोठे नैतिक कृत्य होय. देऊळ पाडणारास त्या माणसाच्या मनात काय पडले हे कळले नव्हते. कुमसार ऐकणाऱ्या या पाद्र्यास ते कळले. मराठी लिपीचे खिळे पाडून मिळावेत म्हणून त्याने १६०८ मध्ये रोमला आपल्या वरिष्ठांकडे लिहिले. ते साधले नाही, आणि १६१६ साली राशोलच्या छापखान्यात ग्रंथ रोमन लिपीत छापला गेला. दोन भाग, ९५ अवस्वर आणि सुमारे ११,००० ओव्या असा त्याचा विस्तार आहे. मराठी भाषेची त्याने आरंभी केलेली स्तुती तर शाळकरी मुलांसही ठाऊक असते. दहा आज्ञा, पापाचा उगम, क्षमा आणि प्रायश्चित्त, जे काही तो लॅटिनमध्ये शिकला होता ते सारे त्याने येथील कीर्तनकारांच्या वळणाने सांगितले. १६१९ साली त्याचा अंत झाला. त्याचे कोकणीतील ख्रिस्ती सिद्धांतांचे पुस्तक १६२२ मध्ये आणि कोकणीचे व्याकरण १६४० मध्ये, दोन्ही मरणोत्तर, राशोललाच छापली गेली.

मग त्याने या प्रदेशात चाललेल्या सक्तीविरुद्ध आवाज का उठविला नाही? सहकाऱ्यांच्या हत्येचा शोक करणारी त्याची लेखणी पाडलेल्या देवळांसाठी झिजली नाही, हे नाकारण्यात अर्थ नाही. अक्विनास त्याने वाचला होता. पाउंडचा तुरुंगवास त्याला आठवत असणार. १५८१ साली लंडनमध्ये फासावर गेलेल्या एडमंड कॅम्पियन या त्याच्याच संघातील पाद्र्याची वार्ताही गोव्यापर्यंत न पोचण्याचे कारण नव्हते. तरीही आपल्याच राजाच्या, आपल्याच संघाच्या बाजूने जे चालले होते ते अन्याय्य आहे, हे पाहण्यास ही सारी विद्या पुरी पडली नाही. त्याला दुष्ट म्हणण्याची आमची इच्छा नाही. तो दुष्ट नव्हता, म्हणूनच हा प्रश्न गंभीर आहे. नीती शिकणे एक आणि आपल्या पक्षाच्या हाती सत्ता असताना ती आठवणे दुसरे. पहिले सेमिनरीत साधते. दुसऱ्याची परीक्षा घेणारे परीक्षक गावात बसलेले असतात.

त्याच्या पश्चात तर सत्तेने त्याचे उरलेसुरले शहाणपणही नाकारले. २७ जून १६८४ च्या फर्मानाने स्थानिक भाषा तीन वर्षांत सोडून पोर्तुगीज बोलण्याचा हुकूम झाला. ज्या भाषेत लोकांना पाप आणि क्षमा समजली होती, तीच अपराधी ठरली. क्रिस्तपुराणाच्या सतराव्या शतकातील मुद्रित आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. हस्तलिखितांच्या आधारे १९०७ साली मंगळुरास नवी आवृत्ती निघाली आणि १९५६ मध्ये पुण्यात शांताराम बंडेलू यांनी ग्रंथ देवनागरीत आणला. बंदी आली आणि गेली, ओवी राहिली.

रोमच्या चर्चनेही कालांतराने आपलेच जुने सूत्र पुन्हा हाती घेतले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ७ डिसेंबर १९६५ रोजी प्रत्येक माणसास धर्माच्या बाबतीत सक्तीपासून मुक्त असण्याचा हक्क आहे, असे जाहीर केले. राशोलच्या टेकडीवरील सेमिनरीत आजही पुरोहित घडतात. तेथील नीतिशास्त्राच्या वर्गात कुंकळ्ळी आणि असोळणे ही दोन प्रकरणे मन मोकळे करून चर्चिली गेली, तर साष्टीतील हिंदू आणि ख्रिस्ती दोघांचाही त्यात लाभच आहे.

परंतु बोट दुसऱ्याकडे दाखवून हा लेख संपविणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. श्रीगुरुचरित्राचे पारायण आपल्याही घरांत होते. कर्मविपाकाचा अध्याय आपण सोवळ्याने वाचतो, आणि वाचून उठल्यावर कुळाचे, शेजाऱ्याचे किंवा दुबळ्याचे जे आपल्याकडे राहिले आहे ते परत करण्याचा विचार किती जणांच्या मनात येतो? आज जेथे जेथे आपली संख्या अधिक आहे, आपला शब्द चालतो, तेथे दुसऱ्याच्या मनावर हात टाकण्याचा मोह आपणांसही होतो. कडगंचीचा कवी आणि साष्टीचा पाद्री, दोघांनीही धर्म लोकांच्या भाषेत सांगितला. तो लोकांशी वागण्यात उतरविण्याचे काम मात्र दोघांनीही आपल्यावर सोपविले आहे, आणि आपल्या हाती जेव्हा बळ असेल तेव्हाच ते खऱ्या अर्थाने सुरू होते.