विश्लेषण : सापा-सरड्यांना ऊन मिळवून देणाऱ्या जोन प्रॉक्टर कोण होत्या? पेट शॉपमध्ये आजही तीच चूक का होते?

लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १९२७ मध्ये सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी नवी इमारत खुली झाली. आतील प्रत्येक प्राण्याला त्याच्या मूळ प्रदेशाच्या जवळ जाणारी ऊब आणि प्रकाश मिळावा, असा तिचा आराखडा होता. तो आखला होता तिशीच्या उंबरठ्यावरील जोन प्रॉक्टर यांनी. त्यांच्याकडे विद्यापीठाची पदवी नव्हती आणि प्रकृती लहानपणापासून खालावलेली होती. त्यांनी सिद्ध केलेल्या गोष्टींना आता जवळपास शंभर वर्षे होतील. तरीही ब्रिटन-अमेरिकेतील मोठ्या साखळी दुकानांपासून आपल्याकडच्या मत्स्यालयाच्या दुकानांपर्यंत सरडे, साप आणि कासवे चुकीच्या सल्ल्यासह विकली जातात.

जोन प्रॉक्टर कोण होत्या?

जोन प्रॉक्टर यांचा जन्म ५ ऑगस्ट १८९७ रोजी लंडनमध्ये एका सुखवस्तू घरात झाला. बाहुल्यांच्या वयात त्यांना सरडे आणि साप आवडू लागले. घरी त्यांनी अनेक सरपटणारे प्राणी पाळले होते. त्यातला एक मोठा सरडा जेवणाच्या टेबलावर त्यांच्याजवळ बसत असे. सोळाव्या वर्षी त्यांनी मगरीचे पिल्लू मिळवले. ते त्यांनी शाळेत नेले आणि गणिताच्या तासाला गोंधळ उडाला, असा किस्सा त्यांच्याबद्दल सांगितला जातो.

याच वयात आतड्याच्या जुनाट आजाराने त्यांना ग्रासले होते. वारंवार आजारपण, शस्त्रक्रिया आणि वेदना यांमुळे केंब्रिजला जाऊन शिकण्याचा विचार सोडून द्यावा लागला. त्या काळी मुलीने विज्ञानात पुढे जाणे कठीण होते. पदवीशिवाय तर ते जवळपास अशक्यच.

पदवी नसताना त्या तज्ज्ञ कशा झाल्या?

ब्रिटिश म्युझियमच्या निसर्ग-इतिहास विभागात तेव्हा जॉर्ज बुलेंजर हे सरपटणारे प्राणी आणि मासे यांचे जगप्रसिद्ध तज्ज्ञ होते. या मुलीचे प्रश्न आणि बारकाईने केलेल्या नोंदी पाहून त्यांनी तिला १९१६ मध्ये मदतनीस म्हणून आपल्याकडे घेतले. एकोणीस वर्षांच्या प्रॉक्टर यांनी लंडनच्या झूऑलॉजिकल सोसायटीपुढे अमेरिका खंडातील एका विषारी सापावरचा निबंध मांडला. १९१७ मध्ये सोसायटीने त्यांना फेलो म्हणून निवडले.

बुलेंजर १९२० मध्ये निवृत्त झाल्यावर संग्रहालयातील सरपटणाऱ्या प्राण्यांचे काम प्रॉक्टर यांच्याकडे आले. नमुन्यांचे वर्गीकरण, शोधनिबंध, प्रदर्शनासाठी चित्रे आणि प्रतिकृती अशी सगळी कामे त्या करत. पूर्व आफ्रिकेतील एका चपट्या कासवावरचा त्यांचा १९२२चा अभ्यास गाजला. या कासवाचे कवच पातळ असते आणि दाबल्यास लवते. इतर कासवांत कवच मऊ होणे हे आजाराचे लक्षण असते, या जातीत ते नैसर्गिक आहे. म्हणजे जात ओळखता आली नाही, तर प्राणी निरोगी की आजारी हेही कळत नाही.

१९२३ मध्ये त्या लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अभिरक्षक झाल्या. या पदावरील त्या पहिल्या महिला. १९२४ मध्ये तिथे सुरू झालेल्या मत्स्यालयातील खडकांची रचनाही त्यांनी केली होती. जिवंत प्राण्यासाठी जागा कशी उभारावी, याचा अनुभव त्यांना तिथे मिळाला.

सरपटणाऱ्या प्राण्यांची खरी गरज काय असते?

कुत्रा, मांजर किंवा माणूस खाल्लेल्या अन्नातून आपल्या शरीराची ऊब तयार करतो. साप, सरडे आणि कासवे ही ऊब बाहेरून घेतात. सकाळी ऊन खायचे, दुपारी सावलीत किंवा बिळात शिरायचे, असा त्यांचा दिवस असतो. शरीर पुरेसे तापले नाही तर पोटातले अन्न पचत नाही आणि रोगाशी लढण्याची ताकदही कमी होते. अति उष्णतेने तो प्राणी मरतो. म्हणून त्याच्या पेटीत एक बाजू गरम आणि दुसरी थंड लागते. कुठे बसायचे हे त्याला स्वतः ठरवता आले पाहिजे.

दुसरी गरज अतिनील किरणांची. उन्हातील या किरणांमुळे त्वचेत ड जीवनसत्त्व तयार होते आणि त्याच्या जोरावर शरीर कॅल्शियम शोषते. मुलांचा मुडदूस अतिनील किरणांनी बरा होतो, हे १९१९ मध्ये बर्लिनमध्ये दिसून आले होते. दिवसा वावरणाऱ्या बहुतेक सरड्यांना आणि कासवांनाही हे किरण हवेत. ते मिळाले नाहीत तर हाडे मऊ होतात, जबडा वाकतो, पाय थरथरतात आणि कवच वेडेवाकडे वाढते. खिडकीची साधी काच या उपयुक्त किरणांचा मोठा भाग अडवते. त्यामुळे काचेमागे लख्ख उजेडात बसलेला सरडाही उन्हाला पारखा असू शकतो.

१९२७ ची इमारत वेगळी कशी होती?

लंडनमध्ये सरपटणाऱ्या प्राण्यांचे पहिले घर १८४९ मध्येच झाले होते. परंतु पिंजरा म्हणजे प्रेक्षकांना प्राणी दिसण्याची सोय, एवढाच त्या काळचा विचार होता. प्रॉक्टर यांनी वास्तुरचनाकार गाय डॉबर यांच्यासह नव्या इमारतीचा आराखडा केला, तेव्हा सुरुवात प्राण्याच्या शरीरापासून झाली. वाळवंटातील सरडा आणि पावसाळी जंगलातील साप यांना एकच तापमान चालत नाही. म्हणून सगळे दालन सारखे तापवण्याऐवजी वेगवेगळ्या जागी वेगवेगळी उष्णता देणारी विजेची व्यवस्था केली गेली. सूर्यप्रकाशातील अतिनील किरण आत यावेत यासाठी खास काच बसवली. प्रेक्षकांची गॅलरी अंधारी आणि प्राण्यांची दालने उजळ ठेवली. खडक, झाडे आणि लपण्याच्या जागा यांचाही विचार झाला.

आज हे सगळे साधे वाटते. त्या काळी मात्र प्राणी मेला तर दुसरा आणायचा, हीच अनेक ठिकाणची रीत होती.

कोमोडो ड्रॅगनची गोष्ट काय?

आपल्याकडच्या घोरपडीचा हा अजस्र भाऊबंद. १९१२ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन झाले आणि नरभक्षक राक्षस अशी त्याची ख्याती पसरली. १९२७ मध्ये दोन जिवंत कोमोडो ड्रॅगन लंडनला आले. त्यांची नावे होती सुंबावा आणि सुंबा. प्रॉक्टर यांनी सुंबावाला इतके माणसाळवले की १९२८ मध्ये तो झूऑलॉजिकल सोसायटीच्या सभेत आला आणि सर्वांसमोर त्यांच्या हातून खाल्ले. त्या त्याला बागेत फिरवत आणि शेपटीला धरून वळण देत.

हे धाडस नव्हते. कोणत्या प्राण्याला कसे हाताळायचे, तो कधी घाबरतो, कधी आजारी असतो, हे त्यांनी वर्षानुवर्षे पाहून शिकले होते. अजगर आणि मगरींनाही त्या हाताळत, त्यांच्या आजारांवर उपचार करत.

अखेरच्या वर्षांत आजार बळावला. चालणे कठीण झाले तरी विजेच्या चाकांच्या खुर्चीतून त्या प्राणिसंग्रहालयात फिरत राहिल्या. १९३१ मध्ये शिकागो विद्यापीठाने त्यांना मानद डॉक्टरेट दिली. त्याच वर्षी २० सप्टेंबरला, वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांची इमारत पुढे नऊ दशकांहून अधिक काळ वापरात राहिली.

दुकानांत नेमके काय चुकते?

पाश्चात्त्य देशांत साखळी दुकानांमुळे बिअर्डेड ड्रॅगन, लेपर्ड गेको, बॉल पायथन असे प्राणी सर्वसामान्यांच्या घरात पोहोचले. बिअर्डेड ड्रॅगन ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या भागातला, बॉल पायथन पश्चिम आफ्रिकेतला, लेपर्ड गेको पाकिस्तान-अफगाणिस्तानच्या बाजूचा. तिघांच्या गरजा वेगळ्या. दुकानात मात्र तेच शेल्फ, तशीच काचपेटी आणि अनेकदा तोच दिवा.

काउंटरवरील कर्मचाऱ्याला त्याच दिवशी कुत्र्याचे खाद्य, माशांची टाकी आणि सशाचा पिंजरा असे सगळे विकायचे असते. कर्मचारी वारंवार बदलतात, प्रशिक्षण जेमतेम असते. मग ग्राहकाला सांगितले जाते की लहान पेटी पुरेल किंवा हा सरडा फार मोठा होत नाही. हिरव्या इग्वानाचे तळहातावर मावणारे पिल्लू शेपटीसह दीड मीटरपर्यंत वाढते, हे विक्रीच्या वेळी सांगितले जात नाही. तापवलेले कृत्रिम दगड विकले जातात आणि त्यांवर बसून प्राण्यांचे पोट भाजते. अतिनील दिवा उजेड देत राहिला तरी त्यातील उपयुक्त किरण काही महिन्यांत कमी होत जातात. दिवा बदलायचा असतो, हे ग्राहकाला कळत नाही.

यात सर्वांत मोठी अडचण म्हणजे हे प्राणी तक्रार करत नाहीत. कुत्रा विव्हळतो, मांजर ओरडते. सरडा गप्प बसून राहतो आणि आठवडेच्या आठवडे न खाता तग धरतो. मालकाला वाटते, तो शांत स्वभावाचा आहे. जबडा वाकलेला दिसतो तेव्हा बराच उशीर झालेला असतो.

कायदा काय सांगतो?

इंग्लंडमध्ये २००६ च्या प्राणी कल्याण कायद्यानुसार १६ वर्षांखालील मुलांना प्राणी विकता येत नाही. २०१८ च्या नियमांनुसार दुकानाला परवाना लागतो आणि ग्राहकाला प्राण्याच्या देखभालीची माहिती द्यावी लागते. अमेरिकेत चार इंचांपेक्षा लहान कवचाच्या कासवांच्या विक्रीवर १९७५ पासून बंदी आहे. तिचे कारण मात्र मुलांना होणारा साल्मोनेलाचा संसर्ग हे होते, कासवांचे हाल नव्हे.

आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार घोरपड, भारतीय अजगर, स्टार कासव हे प्राणी विकणे किंवा घरी ठेवणे गुन्हा आहे. शुभ मानून स्टार कासव घरात ठेवणाऱ्यांनाही हा कायदा लागू होतो. पेट शॉपना २०१८ च्या नियमांनुसार राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. हिरवा इग्वाना किंवा बॉल पायथन यांसारख्या आंतरराष्ट्रीय यादीतील परदेशी प्राण्यांची नोंद २०२४ च्या नियमांनुसार परिवेश पोर्टलवर करणे बंधनकारक आहे.

मुंबई-पुण्यातील मत्स्यालयाच्या दुकानांत प्लास्टिकच्या डब्यात दिसणारे, कानामागे लाल पट्टा असलेले कासव मूळचे अमेरिकेतील आहे. नाण्याएवढे दिसणारे हे पिल्लू मोठेपणी ताटाएवढे होते आणि दोन-तीन दशके जगू शकते. त्याला पोहायला खोल पाणी लागते आणि अंग सुकवायला उन्हाची जागा. डबा पुरेनासा झाला की अनेक जण ते तलावात सोडतात. तिथे ते स्थानिक कासवांच्या अन्नावर आणि जागेवर हक्क सांगते.

घेण्याआधी दुकानदाराला काय विचारावे?

हा प्राणी मूळचा कुठला? पूर्ण वाढल्यावर केवढा होतो? किती वर्षे जगतो? पेटीच्या गरम आणि थंड बाजूचे तापमान किती हवे? अतिनील दिवा कोणता आणि तो कधी बदलायचा? आजारी पडला तर जवळ कोणता पशुवैद्य त्याला तपासेल? भारतात तो बाळगणे कायदेशीर आहे का आणि नोंदणीची कागदपत्रे कुठे आहेत?

यातील ऊब, प्रकाश आणि मूळ प्रदेश यांबद्दलच्या प्रश्नांची उत्तरे शोधून प्रॉक्टर यांनी १९२७ मध्ये इमारत उभारली. काउंटरवरच्या माणसाला ती देता येत नसतील, तर तिथून प्राणी न घेणे हेच त्या प्राण्याच्या हिताचे.