माइक मूस आणि त्याची ‘पिंग’ : एका रात्रीत लिहिलेली कमांड

नेट चालेना झालं की काळ्या स्क्रीनवर आपण पहिली कमांड देतो ती पिंग. ती लिहिणारा माणूस कोण होता, हे आज सांगतो. कारण जुन्या कमांड बदलणं इतकं अवघड का असतं, ते त्याच्या आयुष्यावरून छान कळतं.

माइक मूसचा जन्म 1958चा. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात शिकून तो अमेरिकन लष्कराच्या मेरीलँडमधल्या बॅलिस्टिक रिसर्च लॅबोरेटरीत लागला. जुलै 1983मध्ये नॉर्वेतल्या एका बैठकीत डेव्हिड मिल्स यांनी ‘एको’ संदेश पाठवून नेटवर्कचा वेळ मोजण्याबद्दल सांगितलं होतं, ते त्याच्या डोक्यात राहिलं. डिसेंबरमध्ये लॅबचं नेटवर्क विचित्र वागायला लागलं, तेव्हा त्याने प्रोग्राम लिहायला घेतला. कंपाइल झाला, पण चालेना, कारण त्यासाठी लागणारी सोय कर्नेलमध्येच नव्हती. मग तीही त्यानेच लिहिली आणि पहाटेच्या आत काम फत्ते! गंमत म्हणजे तोवर एका सहकाऱ्याने बिघडलेलं हार्डवेअर दुरुस्तही केलं होतं.

नाव त्याने पाणबुडीच्या सोनारच्या आवाजावरून ठेवलं. बर्कली युनिक्सने पिंग उचलली आणि तिथून ती सगळीकडे पोहोचली, अगदी विंडोजवरही. आपलं नाव याच कामामुळे गाजणार हे आधी माहीत असतं, तर अजून एक-दोन दिवस देऊन काही ऑप्शन वाढवले असते, असं तो नंतर म्हणायचा.

ऑप्शन पुढे इतरांनी वाढवले, पण प्रत्येकाने आपापल्या परीने. लिनक्सवर किती पॅकेट पाठवायची ते ‘डॅश सी’ने सांगतात, विंडोजवर ‘डॅश एन’ने. ‘डॅश टी’ दिलं तर विंडोजवर पिंग थांबतच नाही; लिनक्सवर त्याचा अर्थ टीटीएल. आता हे एकसारखं करून टाका म्हटलं, तर जगभरातल्या स्क्रिप्ट मोडतील. सर्व्हर जिवंत आहे का हे कित्येक स्क्रिप्ट पिंगलाच विचारतात. तिचं उत्तर चुकीचं वाचलं गेलं, तर बंद पडलेला सर्व्हर चालू दिसेल आणि रात्री कुणाला अलर्टच जाणार नाही.

म्हणून लिनक्सवाल्यांनी आयपीव्ही6साठीची वेगळी ‘पिंग6’ मूळ पिंगमध्ये मिसळली, तरी जुनं नाव चालू ठेवलं. मला हाच शहाणपणा वाटतो : आतलं खुशाल बदला, पण लोकांच्या बोटांना सवय झालेलं मोडू नका. तुम्हीही स्क्रिप्ट लिहाल तेव्हा पिंगचा छापील मजकूर वाचत बसू नका, एक्झिट कोड तपासा. उत्तर आलं तर शून्य. नाही आलं तर लिनक्सवर 1 आणि फ्रीबीएसडीवर 2, म्हणून ‘शून्य आहे की नाही’ एवढंच बघा.

20 नोव्हेंबर 2000 रोजी मूस रस्त्यावरच्या अपघातात गेला. वय फक्त 42. बीआरएल-कॅड हे त्याचं मोठं काम थोड्यांनाच माहीत आहे. पिंग मात्र आजही रोज कुणी ना कुणी टाइप करतंच.