शमुवेलाने दिलेला हिशेब
यहुदी परंपरेत शमुवेल हा संदेष्टा आणि इस्राएलचा शेवटचा न्यायाधीश. हन्नाला नवसाने झालेला हा मुलगा शिलो येथे एली याजकापाशी वाढला. पुढे दरवर्षी बेथेल, गिलगाल, मिस्पा असा फिरून तो निवाडे करी आणि रामा या आपल्या गावी परते.

म्हातारपणी त्याने मुलांना न्यायाधीश नेमले. ते लाच खाऊ लागले. लोकांनी राजा मागितला. मन दुखावले, तरी त्याने शौलाला अभिषेक केला. मग भर सभेत विचारले, की आपण कुणाचा बैल, गाढव किंवा लाच घेतली आहे का? लोकांनी एकमुखाने नाही म्हटले.

आम्ही बँकेतून निवृत्त होताना चार्ज दिला, म्हणून हा प्रसंग जवळचा वाटतो. त्याचा हिशेब चोख होता, मुलांचा नव्हता. तरी त्या सभेत त्याने मुलांचा उल्लेख टाळला नाही.