सारखे आटे पाडणारा हेन्री

सायकलचा एखादा नट हरवला तर आपण काय करतो? दुकानातून त्याच मापाचा दुसरा नट आणतो आणि तो बरोबर बसतो. पण सव्वादोनशे वर्षांपूर्वी असं नव्हतं. तेव्हा कारागीर आटे हाताने पाडायचे. एका बोल्टचा नट दुसऱ्या बोल्टला बसेलच असं नसायचं.

हे बदलणारा हेन्री मॉडस्ली १७७१ साली इंग्लंडमध्ये वुलिच इथे जन्मला. बाराव्या वर्षीच तो शस्त्रांच्या कारखान्यात काडतुसं भरायला लागला. पुढे तिथेच तो सुतारकाम आणि लोहारकाम शिकला. त्याचा हात इतका चांगला होता की अठराव्या वर्षी लंडनच्या जोसेफ ब्रामा यांनी त्याला आपल्या कुलपांच्या कारखान्यात घेतलं.

हेन्री तिथे मुख्य कारागीर झाला. त्याचं लग्न झालं, मुलं झाली. आठवड्याला ३० शिलिंग पगार पुरेना. १७९७ साली त्याने पगारवाढ मागितली. ब्रामा नाही म्हणाले. हेन्रीने नोकरी सोडली आणि स्वतःचं छोटं वर्कशॉप काढलं.

तिथे त्याने आटे पाडायचा लेथ तयार केला. असा प्रयत्न आधीही काही जणांनी केला होता, पण हेन्रीचा लेथ पूर्ण धातूचा आणि भक्कम होता. लेथवर धातूचा तुकडा गोल फिरतो आणि हत्यार त्याला कापतं. आधी कारागीर हत्यार हातात धरायचा. हात जरा हलला की आटे बिघडायचे! हेन्रीने हत्यार लोखंडी पकडीत घट्ट बसवलं. एक लांब स्क्रू फिरला की ती पकड पुढे सरकायची. हा स्क्रू आणि फिरणारा तुकडा त्याने गिअरने जोडले.

समजा, तुकड्याकडच्या गिअरला २० दात आहेत आणि स्क्रूकडच्या गिअरला ४०. मग तुकडा दोनदा फिरतो तेव्हा स्क्रू एकदाच फिरतो. म्हणून नव्या आट्यांमधलं अंतर लांब स्क्रूच्या आट्यांपेक्षा निम्मं होतं. गिअर बदलला की अंतर बदलतं. गिअर तोच ठेवला, तर शंभर बोल्टांचे आटे सारखेच!

पुढे हेन्रीने पोर्ट्समथच्या गोदीसाठी जहाजाच्या कप्प्या बनवणारी यंत्रं तयार केली. त्यांच्यामुळे ११० माणसांचं काम १० माणसं करू लागली. १८३१ साली हेन्री वारला. त्याच्याकडे काम शिकलेल्या जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ साली सगळ्या देशासाठी आट्यांची एकच मापं सुचवली.

हेन्रीचा लेथ आजही लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये आहे.

शब्दार्थ
आटे – स्क्रूवरच्या गोल फिरत जाणाऱ्या खाचा
काडतूस – बंदुकीत घालायची दारू भरलेली नळी
कप्पी – दोर ओढायचं चाक
गोदी – जहाजं बांधायची आणि दुरुस्त करायची जागा

उत्तरं लिहा
१. हेन्रीने ब्रामा यांची नोकरी का सोडली?
२. हत्यार हातात धरलं तर काय बिघडायचं?
३. तुकड्याकडे २० दातांचा आणि स्क्रूकडे ६० दातांचा गिअर आहे. स्क्रू एकदा फिरेल तेव्हा तुकडा किती वेळा फिरेल?