जॉर्ज सायमन ओहम

विजेच्या दिव्यावर अथवा इस्त्रीवर कांहीं आंकडे छापलेले असतात. त्या आंकड्यांचा अर्थ ज्याच्या नियमामुळें उलगडतो, तो कोणी राजा वा सरदार नव्हता. तो एका कुलपें करणाऱ्या कारागिराचा मुलगा व शाळेंतील एक शिक्षक होता.

जॉर्ज सायमन ओहम याचा जन्म जर्मनींतील एर्लांगेन गांवीं ता. 16 मार्च 1789 रोजीं झाला. बापास शाळेचें शिक्षण लाभलें नव्हतें. तथापि त्यानें स्वप्रयत्नानें गणित आत्मसात केलें होतें व तेंच आपल्या मुलांस शिकविलें. सोळाव्या वर्षीं जॉर्ज विश्वविद्यालयांत गेला. पण नाच, बिलियर्ड व बर्फावरील खेळ यांत त्याचा काळ व्यर्थ जाऊं लागला. बापानें संतापून त्यास तेथून काढलें व स्वित्झर्लंडांत धाडलें. तेथें शिक्षकाची नोकरी करीत त्यानें स्वतःचा अभ्यास वाढविला, आणि 1811 सालीं परत येऊन डॉक्टरची पदवी मिळविली.

1817 पासून तो कोलोन येथील जेझुइट विद्यालयांत शिकवूं लागला. तेथें त्यास चांगली प्रयोगशाळा मिळाली. तारेच्या लांबीप्रमाणें विजेचा प्रवाह कसा बदलतो, हें त्यास शोधावयाचें होतें. 1825 सालीं त्यानें छापलेलें पहिलें सूत्र चुकीचें ठरलें, कारण त्या वेळच्या विद्युत्घटांचा जोर क्षणोक्षणीं बदलत असे. तेव्हां पोगेनडॉर्फ या शास्त्रज्ञाच्या सूचनेवरून त्यानें तांबें व बिस्मथ या धातूंची जोडणी केली. एक सांधा उकळत्या पाण्यांत व दुसरा बर्फांत ठेवला. आतां जोर स्थिर राहिला. सारख्या जाडीच्या, पण निरनिराळ्या लांबीच्या आठ तांब्याच्या तारा आळीपाळीनें जोडून, टांगलेल्या चुंबकसूचीच्या साहाय्यानें त्यानें प्रवाह मोजला, आणि खरा नियम हातीं आला: विद्युद्दाबास प्रवाहानें भागलें असतां रोध निघतो.

उदाहरणार्थ, 230 व्होल्ट दाबावर एखादी इस्त्री 4 अँपियर प्रवाह घेत असेल, तर 230 भागिले 4, म्हणजे तिचा रोध 57.5 ओहम होय. शक्ति काढण्यास मात्र भागाकार न करितां गुणाकार करावा: 230 गुणिले 4, म्हणजे 920 वॅट. प्रवाहामुळें तारेंत उत्पन्न होणाऱ्या उष्णतेचा नियम पुढें 1841 सालीं जेम्स जूल यानें प्रसिद्ध केला.

ओहमचा ग्रंथ 1827 सालीं बर्लिन येथें निघाला. त्यायोगें विश्वविद्यालयांत जागा मिळेल अशी त्याची आशा होती. परंतु विद्वानांनीं ग्रंथाची उपेक्षाच केली. निराश होऊन त्यानें 1828 सालीं नोकरी सोडली व कित्येक वर्षें बर्लिनमध्यें थोडके तास शिकवून निर्वाह केला. 1833 सालीं न्यूरेंबर्ग येथें त्यास जागा मिळाली. 1841 सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीनें त्यास कॉप्ले पदक दिलें, तेव्हां कोठें त्याची योग्यता जगास कळली. म्यूनिक विश्वविद्यालयांत प्राध्यापकाची जागा त्यास 1852 सालीं लाभली, आणि ता. 6 जुलै 1854 रोजीं त्यास मृत्यु आला. 1881 सालीं पॅरिसच्या परिषदेनें रोधाच्या एककास ओहम हें नांव मान्य केलें.

विद्यार्थिमित्रहो, स्वतः छापलेलें सूत्र चुकलें असें दिसतांच ओहमनें तें सोडून पुन्हा मोजमाप केलें. पण खरें सूत्र हातीं आल्यावर, जगानें पाठ फिरविली तरी तें सोडलें नाहीं. केव्हां सोडावें व केव्हां धरून रहावें, हें ज्यास मोजून कळतें, तोच खरा अभ्यासी होय.